करमरकरांचे गणित आणि आपले सहा एकर

आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक गावाचे एखादे तरी बिऱ्हाड मुंबईच्या उपनगरात असते. कोणाचा भाऊ घाटकोपरला, कोणाची लेक मुलुंडला, कोणाचा मेहुणा अंधेरीच्या कारखान्यात. त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलात तर एक दिवस काढून पवईला जाऊन या. घाटकोपर-विक्रोळीकडून बस डोंगराच्या अंगाला वळली की थोड्याच वेळात आयआयटीचे, म्हणजे भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे, झाडीत दडलेले विस्तीर्ण आवार लागते आणि त्याला लागून पवईचा तलाव. संस्था १९५८ साली सुरू झाली. तिच्या उभारणीला सोव्हिएत रशियाने युनेस्कोमार्फत यंत्रे आणि तज्ज्ञ पुरवले होते. त्याच डोंगराळ पट्ट्याच्या पलीकडल्या अंगाला आरे दुग्ध वसाहत. मुंबई शहरातल्या म्हशींचे तबेले बाहेर हलवण्यासाठी १९४९ साली ती वसवली गेली. म्हणजे एका अंगाला गणित आणि दुसऱ्या अंगाला म्हशी. या दोहोंचा आपसात काही संबंध असेल असे कोणाला वाटणार नाही. तो आहे, आणि तेच आज सांगायचे आहे.

पवईच्या या संस्थेतून १९७८ साली नरेंद्र करमरकर नावाचा एक तरुण विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला. घराणे मराठी, जन्म ग्वाल्हेरचा. पुढे तो अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेला, आधी कॅलटेक आणि मग बर्कले येथे शिकला. बर्कलेला रिचर्ड कार्प या नामवंत शास्त्रज्ञांच्या हाताखाली १९८३ साली त्याला डॉक्टरेट मिळाली. तिथून तो बेल लॅबोरेटरीज या टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेत गेला. आणि १९८४ साली, तिशीही न गाठलेल्या या माणसाचे नाव १९ नोव्हेंबरच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर छापून आले. गणिताची बातमी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येणे हे आपल्याकडेच काय, तिकडेही दुर्मीळच.

मी त्या वेळी अकरावीत होतो. आमच्या गणिताच्या सरांनी ‘करमरकर’ हे नाव फळ्यावर लिहिले आणि खाली दोनदा रेघ ओढली, एवढे पक्के आठवते. वर्गातल्या आम्हा पोरांना त्यातून कळले ते इतकेच की एका मराठी माणसाने कसले तरी अवघड गणित सोडवले. पुढे कृषी महाविद्यालयात शेती अर्थशास्त्राच्या तासाला ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’ नावाचा धडा आला, तेव्हा उमगले की हे गणित परके नाही. ते आपल्याच अंगणातले आहे.

‘प्रोग्रॅमिंग’ म्हटले की आज सर्वांना संगणक आठवतो. पण या नावात त्याचा मूळ अर्थ आखणी असा होता. लष्करी आखणीवरून ते नाव पडले. हातात असलेले साधन मर्यादित, ते अनेक कामांना वाटायचे आणि शेवटी पदरात जास्तीत जास्त पडावे किंवा कमीत कमी खर्च व्हावा, असा हा हिशेब. १९३९ साली रशियात कांतोरोविच या गणितज्ञापुढे तो प्लायवूडच्या कारखान्यामुळे आला. कोणत्या यंत्राला कोणता माल द्यावा म्हणजे उत्पादन वाढेल, असा प्रश्न होता. अमेरिकेत १९४७ साली हवाई दलात काम करणाऱ्या जॉर्ज डान्टझिग यांनी असे हिशेब सोडवण्याची रीत बसवली. तिला ‘सिम्प्लेक्स’ म्हणतात. कांतोरोविच यांना पुढे १९७५ साली या कामाबद्दल अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या रीतीची पहिली मोठी कसोटी कशावर झाली असेल? जेवणाच्या ताटावर! स्टिग्लर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली प्रश्न मांडला होता : बाजारात ७७ खाद्यपदार्थ आहेत, माणसाला ९ पोषक घटक ठरलेल्या प्रमाणात हवेत, तर वर्षाचे सर्वांत स्वस्त जेवण कोणते? अंदाजाने, हुशारीने त्याने उत्तर काढले ते १९३९ च्या भावाने वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. १९४७ साली डान्टझिग यांच्या रीतीने तेच गणित हाताच्या यंत्रांवर केले गेले. नऊ कारकून बसले आणि मिळून १२० माणूस-दिवस लागले. उत्तर आले ३९ डॉलर ६९ सेंट. म्हणजे स्टिग्लर फक्त २४ सेंटांनी चुकला होता. घर चालवणाऱ्या बाईला हे ऐकून हसू येईल. ती रोज हेच करते, आणि तिला कोणी कारकून देत नाही.

माणसाने असे जेवण जेवावे असे मी म्हणणार नाही. त्यात गव्हाचे पीठ, कोबी आणि वाळवलेल्या घेवड्याखेरीज फारसे काही नव्हतेच. पण जनावरांच्या दावणीला हा हिशेब तंतोतंत लागू पडतो. आपल्या देशात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०१२ पासून राष्ट्रीय डेअरी योजनेत आहार संतुलनाचा कार्यक्रम गावोगाव नेला. गावातलीच शिकवून तयार केलेली व्यक्ती गोठ्यात येते, छातीचा घेर टेपने मोजून जनावराचे वजन काढते, दूध आणि फॅट विचारते, घरात कोणकोणता चारा, भुसा, पेंड आहे ते लिहून घेते आणि त्यांतूनच कमीत कमी खर्चाचा पुरता आहार किती किलोचा ते संगणकावर काढून देते. त्या कागदामागचे गणित हेच. मंडळाचे ‘पशु पोषण’ नावाचे मोबाइलवरचे साधनही त्याच कामाचे आहे. आरेच्या तबेल्यासारख्या ठिकाणी, जिथे पेंडीचा बराचसा दाणा विकतच आणावा लागतो, तिथे किलोमागे दोन रुपये वाचले तरी महिन्याला काय होते ते म्हशीवाल्याला सांगावे लागत नाही.

आता शेताकडे येऊ. आमच्याकडे नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात रब्बीच्या तोंडावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, “साहेब, कांदा किती आणि हरभरा किती?” आमच्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या ओट्यावर बसून मी तो कागदावर मांडला. आकडे त्यांच्या घरचे, फक्त सोपे व्हावेत म्हणून थोडे पूर्ण केलेले.

रान सहा एकर. एक एकर एकदा भिजवले की एक भरणे म्हणू. विहिरीत हंगामभराचे पाणी ३६ भरण्यांचे. कांद्याला एकरी दहा भरणी लागतात, हरभऱ्याला दोन. खर्च वजा जाता कांद्याचे एकरी ४० हजार उरतील असे धरले, हरभऱ्याचे १५ हजार. दादांचा कल सगळा कांदा लावण्याकडे होता. पण सगळा म्हणजे किती? पाणी ३६ भरण्यांचे, तेव्हा ३.६ एकरच. बाकीचे रान पडीक. मिळाले १ लाख ४४ हजार. सगळा हरभरा केला तर सहा एकरांचे ९० हजार, आणि विहिरीत २४ भरण्यांचे पाणी तसेच पडून. तीन एकर कांदा आणि तीन एकर हरभरा केला तर पाणी ३० अधिक ६ म्हणजे बरोबर ३६, रानही पुरे लागले, आणि पदरात १ लाख ६५ हजार. याहून जास्त कोणत्याही वाटणीने होत नाही. हवे तर करून पाहा.

इथवर अनुभवी शेतकरी गणिताशिवायही येतो. पण यापुढे हे गणित जे सांगते ते मला फार मोलाचे वाटते. समजा शेजाऱ्याकडून एक भरण्याचे पाणी विकत मिळाले. वाटणी थोडी सरकते, आणि उत्पन्न ३,१२५ रुपयांनी वाढते. म्हणजे शेजारी त्या पाण्याचे दोन हजार मागत असेल तर घ्यावे, चार हजार मागत असेल तर नमस्कार करावा. तसेच आणखी एक एकर रान खंडाने मिळाले, पण पाणी तेवढेच राहिले, तर वाढ ८,७५० रुपयांची. खंड दहा हजार असेल तर ते रान घेऊन उपयोग नाही. आपल्याकडे लोक रानासाठी भांडतात, पण या कागदावर पाण्याची कमतरता किती रुपयांची आणि रानाची किती, ते वेगवेगळे उघडे पडते.

दादा म्हणाले, “ते सगळं खरं, पण कांद्याचे चाळीस हजार राहतील हे कुणी सांगितलं?” शंका अगदी रास्त. कांद्याच्या भावाची हमी मी तर देणार नाहीच, लासलगावचा व्यापारीही देणार नाही. पण त्याचेही उत्तर याच गणितात आहे. हरभऱ्याचे १५ हजार कायम धरले तर कांद्याचे एकरी १५ हजारांपासून ७५ हजारांपर्यंत कितीही उरोत, सर्वांत चांगली वाटणी तीच राहते : तीन-तीन एकर. १५ हजारांच्या खाली गेले तरच सगळा हरभरा बरा, आणि ७५ हजारांच्या वर गेले तरच सगळा कांदा. भाव नेमका किती मिळेल हे ओळखण्याची गरज नाही. तो या दोन खुंटांच्या मध्ये राहील की नाही एवढे ओळखायचे. माझ्या मते सल्ला देणाऱ्याने शेतकऱ्याला एक आकडा देण्याऐवजी हे दोन खुंट दाखवावेत.

दोन पिके आणि दोन अटी, म्हणून हे पाटीवर झाले. यातली उत्तरे कुठे सापडली ते पाहा : सगळा कांदा, सगळा हरभरा, आणि रान व पाणी दोन्ही पुरे लागतात ती वाटणी. कागदावर शक्य वाटण्यांचे वावर आखले तर हे त्या वावराचे कोपरे होत. सर्वांत चांगले उत्तर नेहमी कोणत्या ना कोणत्या कोपऱ्यावर मिळते, हे या गणिताचे गमक. पण पिके दहा आणि अटी दहा झाल्या, म्हणजे मजूर आले, भांडवल आले, चारा आला, फेरपालट आली, की कोपऱ्यांच्या शक्यता १ लाख ८४ हजार ७५६ वर जातात. तीस आणि तीस केले तर एकावर सतरा शून्ये देऊनही पुरत नाहीत. विमान कंपन्या, तेलशुद्धी कारखाने, टेलिफोनची जाळी यांच्या हिशेबात तर अटी हजारोंनी असतात.

डान्टझिग यांची रीत म्हणजे बांधाने चालणे. एका कोपऱ्यावर उभे राहायचे, जिकडे उत्पन्न वाढते त्या बांधाने पुढच्या कोपऱ्यावर जायचे, तिथून पुढच्या. बहुतेक वेळा ही चाल झटपट पोहोचते. पण १९७२ साली क्ली आणि मिन्टी या दोघांनी असे एक वाकडे वावर रचून दाखवले की त्यात बांधाने जाणाऱ्याला एकूण एक कोपरा फिरावा लागतो. १९७९ साली रशियाच्या खाचियान यांनी अशी कोंडी कधीच होणार नाही अशी रीत सिद्ध केली. पण प्रत्यक्ष हिशेबाला ती इतकी संथ निघाली की कोणी वापरेना.

करमरकरांनी बांध सोडला आणि रानातून आडवी वाट धरली. ऐकायला सोपे वाटते. पण आडवे जाणाऱ्याची अडचण औत हाकणाऱ्याला पटकन कळेल : बांधाला खेटले की बैल वळवायला जागा उरत नाही. पावले आखूड होतात आणि माणूस तिथेच अडकतो. करमरकरांची युक्ती अशी की प्रत्येक पावलानंतर नकाशाच असा ताणून पुन्हा काढायचा की आपण उभे आहोत ती जागा वावराच्या मध्यावर यावी. चारही बांध पुन्हा दूर गेले, की चढाच्या दिशेने लांब पाऊल टाकायचे. मग पुन्हा नकाशा, पुन्हा पाऊल. कितीही मोठे वावर असले तरी बहुधा काही दहा पावलांतच मुक्काम गाठला जातो. मात्र एकेक पाऊल महागडे असते. त्यासाठी हजारो समीकरणे एकदम सोडवावी लागतात, तीही दशांशाच्या चुका साठू न देता. इथे संख्यात्मक विश्लेषण हे गणिताचे शास्त्र लागते. ते शास्त्र नेमक्या उत्तराच्या मागे न लागता हवे तितके जवळचे उत्तर भरवशाने कसे गाठावे ते शिकवते. आपण धान्य तोलताना पारड्यात मूठ टाकतो, अर्धी मूठ काढतो, चिमूट टाकतो, तशातलाच प्रकार. फक्त तराजूला हजार पारडी.

यानंतरची हकिगत तितकी सरळ नाही. मूळ रीत करमरकरांनी १९८४ सालीच शोधनिबंधात उघड मांडली होती. पण ती जुन्या रीतीहून कितीतरी पट वेगवान आहे असे कंपनीकडून सांगितले जाई, तर तो वेग ज्या संगणकी आज्ञावलीने साधला तिचे बारकावे बाहेर येईनात. इतर गणितज्ञ चिडले : करून पाहता येत नाही ते मानायचे कसे? १९८८ साली कंपनीने या रीतीचे अमेरिकेत पेटंट घेतले, आणि यंत्र व आज्ञावली मिळून जो संच विकायला काढला त्याची किंमत ८९ लाख डॉलर होती. अमेरिकेच्या हवाई दलासारखे गिऱ्हाईक सोडले तर तो घेणार कोण?

मी विस्तार खात्यातला माणूस. राहुरीच्या विद्यापीठाने प्रसारित केलेला एन-२-४-१ कांदा घ्या. त्याचे डेंगळे लावून आमचे शेतकरी घरचे बी घरी धरतात, पाहुण्यांना देतात, आणि तसाच तो गावोगाव पसरला. बेरीज-वजाबाकीच्या नव्या रीतीवर कोणी कुंपण घालावे हे मला पटत नाही. कंपनीने पगार दिला, यंत्रे दिली, तिला मोबदला हवा, हे मान्य. पण कुंपणाने पीक वाढले नाही, एवढे इतिहासातून दिसते. जगभरच्या गणितज्ञांनी आपापल्या वाटेने आडव्या चालीच्या रीती शोधल्या. १९८६ साली पाच जणांनी दाखवून दिले की करमरकरांची रीत १९६० च्या दशकातल्या एका जुन्या, अडगळीत पडलेल्या पद्धतीची सोयरीक आहे. रशियात दिकिन नावाच्या गणितज्ञाने १९६७ सालीच तशी एक रीत छापली होती, तीही मग उजेडात आली. शास्त्रातही बांधावरून वाद होतात ते असे. तरी श्रेय जिथले तिथेच राहते : ही वाट चालण्याजोगी आहे हे जगाला १९८४ साली पटले, आणि ते करमरकरांमुळे. २००० साली त्यांना संगणकशास्त्रातले पॅरिस कॅनेलाकिस पारितोषिक मिळाले. गंमत म्हणजे या स्पर्धेने डान्टझिग यांची बांधाची चालही पुष्कळ सुधारली. आज मोठ्या आज्ञावलींत दोन्ही रीती शेजारी-शेजारी असतात. पेटंट २००६ साली संपले. आता फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीतही आडवी चाल आहे.

करमरकर पुढे भारतात परतले. १९९८ पासून काही वर्षे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. त्यानंतर पुण्यात टाटांनी ‘एका’ नावाचा महासंगणक उभारायला घेतला, त्याच्या आरंभीच्या आखणीत ते होते. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘एका’चा क्रमांक जगात चौथा लागला. ते त्याआधीच तिथून बाहेर पडले होते.

त्या सहा एकरांचे एक सांगायचे राहिले. तीन-तीन एकरांवर दादा राजी झाले होते, मी कागदाची घडी घालत होतो, तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी उभ्या-उभ्याच विचारले, “अन् घास कुठं लावायचा? दोन गाया हायेत दावणीला. त्यांना काय तुमचा हिशेब खायला घालू?”

घास हिशेबात कोणी धरलाच नव्हता. अर्धा एकर लसूण घास, त्याला हंगामात पाच भरण्यांचे पाणी. कागद पुन्हा उलगडला. उरले रान साडेपाच एकर, पाणी ३१ भरण्यांचे. उत्तर आले : अडीच एकर कांदा, तीन एकर हरभरा, आणि उत्पन्न १ लाख ४५ हजार.

“म्हणजे घासानं वीस हजारांना खड्डा पाडला,” दादा म्हणाले.

“अन् विकत घ्यायचा म्हटलं तर?” वहिनींनी पेंढ्यांचा भाव सांगितला, दिवसाला किती पेंढ्या लागतात ते सांगितले, आणि महिने बोटांवर मोजले. वीस हजार तिसऱ्याच महिन्यात ओलांडले. दादांनी माझ्या हातातले पेन घेतले आणि कागदावर विहिरीच्या बाजूचा अर्धा एकर स्वतःच आखून त्यावर ‘घास’ असे लिहिले.